खाऱ्या पाण्यावरची करडई आणि तिचे तेल

प्रश्न : आमची शेती अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. आम्ही दरवर्षी करडई घेतो आणि लाकडी घाण्यावर तेल काढून ओळखीच्या ग्राहकांना विकतो. यंदा पाऊस लांबल्यामुळे पेरणी ऑक्टोबरच्या सुरुवातीऐवजी नोव्हेंबरमध्ये झाली. फुलोऱ्यात ओल कमी पडली, तेव्हा शेततळ्याचे पाणी एका तुकड्यालाच पुरले आणि दुसऱ्याला नाइलाजाने बोअरचे खारे पाणी द्यावे लागले. खाऱ्या पाण्याच्या तुकड्यातील दाणा हलका निघाला आणि क्विंटलमागे अडीच-तीन किलो तेल कमी मिळाले. त्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली, तर गेल्या वर्षी 14 टक्के असलेले ओलिक आम्ल यंदा 18 टक्के आणि 77 टक्के असलेले लिनोलिक आम्ल 72 टक्के आले. हा मिठाचाच परिणाम आहे का? मीठ तेलात उतरते का? हे तेल विकावे की नाही, आणि ओलिक वाढले आहे तर बाटलीवर ‘हाय ओलिक’ लिहिता येईल का? पुढच्या हंगामात काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण तेलाची तपासणी करून घेतली आणि दोन्ही वर्षांचे आकडे जपून ठेवले, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. खारपाणपट्ट्यात मिठाने पीक किती घटले याची चर्चा पुष्कळ होते. पण दाण्याच्या आत तेलाचे काय होते, हे पाहण्याची तसदी फार थोडे शेतकरी घेतात.

ग्राहकांच्या मनातील शंका आधी दूर करतो. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या करडईचे तेल खारट होत नाही आणि त्यातून कोणाच्या पोटात जास्त सोडियमही जात नाही. शिवाय वनस्पती स्वतःच दाण्याला मिठापासून बऱ्याच अंशी वाचवते. मुळांनी ओढलेला सोडियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुख्यतः जुन्या पानांत साठतो, आणि दाण्याला अन्न मिळते ते पानांतून साखर वाहून नेणाऱ्या वेगळ्या नलिकांमधून, ज्यांत सोडियमचे प्रमाण कमी राखले जाते. जो थोडा सोडियम दाण्यापर्यंत पोहोचतो, तो तेल गाळल्यावर पेंडीत राहतो. तेव्हा हे तेल खाण्यास योग्य आहे का, या प्रश्नाचा मिठाशी संबंध नाही. त्यासाठी एका वेगळ्या गोष्टीकडे पाहावे लागेल, ती पुढे सांगतो.

आता दाणा हलका होण्याविषयी. तेल हे साखरेपासून बनते. पानांनी तयार केलेली साखर वाढत्या दाण्यात येते, तिथे तिचे लहान लहान तुकडे होतात आणि त्या तुकड्यांपासून मेदाम्लांच्या लांब साखळ्या जोडल्या जातात. करडईत हे काम फुलोऱ्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत जोरात चालते. नेमक्या त्याच काळात मुळांशी खारे पाणी आले, तर दोन आघात एकदम होतात. जमिनीत ओल असूनही मुळांना ती ओढणे अवघड जाते, म्हणून पानांवरील रंध्रे मिटू लागतात आणि साखर कमी तयार होते. आणि सोडियम साठलेली खालची पाने लवकर पिवळी पडून गळतात, त्यामुळे दाणा भरण्याचा काळच आखूड होतो. दाण्याचे टरफल मात्र तोपर्यंत बरेचसे तयार झालेले असते. करडईचे तेल टरफलात नसून आतल्या मगजात असते, आणि टरफलाचा वाटा वाणानुसार वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. समजा मगजात 55 टक्के तेल आहे. टरफल 45 टक्के असेल, तर अख्ख्या दाण्यात सुमारे 30 टक्के तेल येते. मगज नीट न भरल्याने टरफलाचा वाटा 50 टक्के झाला, तर मगजातील तेलाची टक्केवारी तितकीच राहूनही अख्ख्या दाण्यातील तेल साडेसत्तावीस टक्क्यांवर उतरते. आपल्याला घाण्यावर आलेली क्विंटलमागची घट जवळपास एवढीच आहे. म्हणजे आपल्या दाण्याने तेल बनवणे सोडले असे मानण्याचे कारण नाही. त्याचा मगजच कमी भरला. या दोन गोष्टींतला फरक पाहण्यासाठी दोन्ही तुकड्यांतील प्रत्येकी शंभर दाणे मोजून घ्यावेत, त्यांचे वजन करावे, मग टरफले काढून मगजाचे वजन करावे. या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि तिच्यातून पुष्कळ कळते.

तेलाच्या घडणीचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण या बाबतीत बाजारात अर्धवट माहितीवर मोठी विधाने केली जातात.

दाण्यात मेदाम्ल प्रथम तयार होते ते संतृप्त स्वरूपात, म्हणजे साखळीत दुहेरी बंध नसलेल्या पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांच्या रूपात. त्यानंतर एक विकर (एन्झाइम) स्टिअरिक आम्लाच्या साखळीत एक दुहेरी बंध घालते आणि ओलिक आम्ल तयार होते. पुढे ‘फॅड-2’ नावाच्या जनुकापासून बनणारे दुसरे विकर त्याच साखळीत आणखी एक दुहेरी बंध घालते, तेव्हा ओलिकचे लिनोलिक होते. आपल्याकडील नेहमीच्या करडईत हे दुसरे विकर अतिशय जोमाने काम करते, म्हणूनच तिच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक असते. तात्पर्य, आपल्या अहवालातील ओलिक आणि लिनोलिक हे दोन आकडे स्वतंत्र नाहीत. एक चार-पाच टक्क्यांनी वाढला आणि दुसरा तितकाच घटला, याचा अर्थ या शेवटच्या पायरीवरचे काम थोडे अपुरे राहिले.

ते मिठामुळे अपुरे राहू शकते का? राहू शकते. इटलीत सूर्यफुलाला खारे पाणी देऊन झालेल्या प्रयोगांत ओलिक वाढले आणि लिनोलिक घटले, आणि तेथील संशोधकांनी त्याचे कारण याच विकराच्या मंदावण्यात शोधले. शिवाय दाणा लवकर पक्व झाला की या पायरीला वेळही कमी मिळतो. कोवळ्या दाण्यात पामिटिक आणि ओलिकचा वाटा जास्त असतो आणि दाणा भरत जातो तसा लिनोलिकचा वाटा वाढत जातो, त्यामुळे अकाली सुकलेल्या दाण्याचे तेल थोडे कोवळ्या दाण्याच्या तेलासारखे असणे स्वाभाविक आहे. परंतु सर्व तेलबियांत आणि सर्व वाणांत बदल याच दिशेने होतो, असा नियम मांडता येत नाही. वेगवेगळ्या पिकांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मीठ केव्हा दिले, किती दिले आणि त्या वेळी उष्णता किती होती, यावर बरेच अवलंबून असते.

येथे एक गोंधळ टाळायला हवा. मीठ सोसण्यासाठी वनस्पती आपल्या पेशींच्या पडद्यांत असंतृप्त, म्हणजे दुहेरी बंध असलेली मेदाम्ले राखते, आणि ते खरे आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लहानशा रोपात फॅड-2 निकामी केले, तर ते रोप उगवताना आणि कोवळे असताना मिठाला फार लवकर बळी पडते. पण ती गोष्ट जिवंत पेशींच्या पडद्यांची आहे. दाण्यात साठवलेले तेल हा पुढच्या पिढीच्या अंकुरासाठी ठेवलेला साठा असतो आणि त्याची घडण वेगळ्या वेळी, वेगळ्या ओढीखाली होते. म्हणून ‘मिठामुळे तेल जास्त असंतृप्त होते’ असे पानांवरच्या प्रयोगांचा दाखला देऊन कोणी सांगितले, तर ते आपल्या बाटलीतील तेलाला लागू करू नये.

आपल्या आकड्यांकडे पाहताना मला मिठाइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा संशय येतो, तो म्हणजे पेरणीच्या तारखेचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली करडई थंडीत दाणा भरते. नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या करडईचा दाणा भरण्याचा काळ विदर्भातल्या फेब्रुवारीअखेरच्या आणि मार्चच्या उन्हात जातो. ओलिकचे लिनोलिक करणारे विकर थंडीत चांगले आणि उष्णतेत मंद चालते, हे सोयाबीन आणि सूर्यफुलात चांगले ठाऊक आहे. करडई या बाबतीत सूर्यफुलापेक्षा पुष्कळ स्थिर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल्डन नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करडईच्या मेदाम्लांची आनुवंशिकता उलगडली, तेव्हा असे दिसले की भरपूर लिनोलिक देणारे आणि भरपूर ओलिक देणारे असे दोन्ही प्रकार तापमान बदलले तरी फारसे हलत नाहीत. ज्याच्यात दोन्ही आम्ले जवळपास सारखी असतात, तो मधला प्रकारच तापमानाने हलतो. आपल्याकडे झालेला चार-पाच टक्क्यांचा बदल त्यामुळेच मला माफक वाटतो. तो मिठाने, उष्णतेने किंवा अर्धवट भरलेल्या दाण्यांनी, यांपैकी कशानेही किंवा तिन्हींनी मिळून होऊ शकतो. उशिरा पेरलेल्या करडईवर मावाही जास्त येतो आणि त्यानेही दाणा हलका होतो, हे आपण अनुभवाने जाणताच.

गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या तेलाची तुलना केल्याने यातले काहीच वेगळे करता येणार नाही, कारण दोन वर्षांत पाणीही बदलले आणि तारीखही. पण आपल्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे. शेततळ्याचे पाणी मिळालेल्या तुकड्याचे बी अजून शिल्लक असेल, तर त्याच्या तेलाची तीच तपासणी त्याच प्रयोगशाळेत करून घ्यावी. वाण एक, पेरणीची तारीख एक, ऊन एक आणि फरक फक्त पाण्याचा, अशी ती तुलना होईल. त्या तेलातही ओलिक 18 टक्क्यांच्या जवळ आले, तर बदल मुख्यतः उशिरा पेरणीचा समजावा. ते 14 टक्क्यांच्या जवळ राहिले, तर खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवायला आपल्याला आधार मिळेल. मात्र दोन्ही तुकड्यांची जमीन सारखी असावी. एक तुकडा सखल आणि पाणी धरणारा असेल, तर तो फरक वेगळा लक्षात घ्यावा लागेल.

विक्रीचा प्रश्न याने अडत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात नेहमीच्या करडई तेलासाठी लिनोलिक 67.8 ते 83.2 टक्के आणि ओलिक 8.4 ते 21.3 टक्के अशी मर्यादा आहे. आपली दोन्ही वर्षांची तेले या मर्यादेत आरामात बसतात. भारतातील मानकात करडई तेलाचे आयोडीन मूल्य, म्हणजे तेल किती असंतृप्त आहे याचे माप, 135 ते 148 असावे लागते. हे मूल्य आपल्या अहवालावरून काढता येते: ओलिकच्या प्रत्येक टक्क्याला 0.86 आणि लिनोलिकच्या प्रत्येक टक्क्याला 1.73 धरले, तर गेल्या वर्षीचे मूल्य सुमारे 145 आणि यंदाचे सुमारे 140 येते. म्हणजे कोणी आयोडीन मूल्य घसरले म्हणून भेसळीचा संशय घेतला, तर आपण निःशंकपणे अहवाल दाखवावा.

‘हाय ओलिक’ मात्र लिहू नये, आणि हे मी आग्रहाने सांगतो. त्या नावाच्या करडई तेलात कोडेक्सप्रमाणे किमान 70 टक्के ओलिक लागते. 14 वरून 18 हा बदल त्या दिशेने असला, तरी 18 आणि 70 यांमधील अंतर कोणतेही पाणी किंवा कोणतेही ऊन भरून काढू शकत नाही. ते अंतर जनुकाचे आहे. उच्च ओलिक करडईत फॅड-2 विकराचे दाण्यातील काम एका अप्रभावी (रिसेसिव्ह) उत्परिवर्तनामुळे जवळपास थांबलेले असते. असे तेल विकायचे असेल, तर तसे वाणच पेरावे लागेल. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘आयएसएफ-1’ हे वाण त्या प्रकारचे आहे. ते घेतल्यास शेजारी नेहमीची करडई ठेवू नये, कारण करडईच्या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, आणि परागण नेहमीच्या वाणाकडून झाले तर हे गुणधर्म अप्रभावी असल्यामुळे त्या दाण्यातील ओलिक त्याच हंगामात घसरते.

वर उल्लेख केलेली वेगळी गोष्ट म्हणजे तेलाचे आम्ल मूल्य, अर्थात तेलात सुट्या झालेल्या (मुक्त) मेदाम्लांचे माप. अर्धवट भरलेल्या, सुरकुतलेल्या आणि हिरवट दाण्यांत मुक्त मेदाम्ले जास्त असतात, आणि असे दाणे पोत्यात ओलसर राहिले तर ती आणखी वाढतात. अशा तेलाला लवकर वास येतो आणि ग्राहक दुरावतो. लाकडी घाण्याचे तेल पुढे शुद्ध केले जात नसल्यामुळे दाण्यातला दोष थेट बाटलीत उतरतो. म्हणून मेदाम्लांच्या टक्केवारीपेक्षा यंदा आपण आम्ल मूल्याची चिंता अधिक करावी. घाण्यावर नेण्यापूर्वी बी उफणून आणि चाळून हलका दाणा बाजूला काढावा, बी चांगले वाळवावे आणि या तुकड्याचे तेल आधी विकून टाकावे. लिनोलिक आम्ल ओलिकपेक्षा सुमारे दहा पटींनी वेगाने हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, त्यामुळे करडईचे तेल मुळातच जपून ठेवण्याचे आहे. चार टक्के ओलिक वाढल्याने ते जास्त टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नये. भरलेल्या, घट्ट झाकणाच्या आणि उन्हापासून दूर ठेवलेल्या बाटल्या हाच त्यावरचा उपाय आहे.

पुढच्या हंगामासाठी माझा मुख्य सल्ला असा की शेततळ्याचे पाणी सुरुवातीला खर्च न करता फुलोऱ्यासाठी राखून ठेवावे. करडईचे सोटमूळ खोल जाते आणि पेरणी वेळेवर झाली तर काळ्या जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर पीक शाखा फुटेपर्यंत निभावून नेते. ज्या तीन आठवड्यांत मगज भरतो आणि तेलाची घडण ठरते, त्याच काळात गोडे पाणी मिळाले, तर त्याचा मोबदला सर्वाधिक. पाणी थोडेच आणि सरीने द्यावे, कारण साचलेले पाणी करडईच्या मुळांना मिठाइतकेच घातक असते. शेततळ्यातील पाणी अपुरे पडणार असे दिसले, तर क्षेत्र कमी करून सगळ्या पिकाला एक गोडी पाळी द्यावी. अर्ध्याला गोडे आणि अर्ध्याला खारे, असा यंदाचा तोडगा पुन्हा काढू नये.

बोअरच्या पाण्याची तपासणी एकदा करून घ्यावी आणि अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: विद्युत वाहकता, सोडियमचे इतर क्षारांशी असलेले गुणोत्तर आणि शिल्लक सोडियम कार्बोनेट. वाहकता 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल किंवा शिल्लक कार्बोनेट लिटरमागे अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर ते पाणी एकाही पाळीला वापरू नये असे माझे मत आहे. खारपाणपट्ट्यात धोका फक्त चालू पिकापुरता नसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील चिकण काळ्या मातीत सोडियम चिकटून बसला की पुढच्या पावसाळ्यात मातीचे कण सुटतात, भेगा आणि छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. एका पाळीने वाचवलेल्या पिकाची किंमत मग अनेक वर्षे मोजावी लागते.

क्षार सोसण्याच्या दृष्टीने करडईची आपली निवड योग्य आहे, ती बदलू नये. मास आणि हॉफमन यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात भुईमुगाचे उत्पादन जमिनीची वाहकता 3.2 च्या पुढे गेली की झपाट्याने कोसळते, तर सोयाबीन 5 पर्यंत तग धरते. करडई मध्यम सहनशील पिकांत मोडते. मात्र हे सर्व आकडे उत्पादनाचे आहेत, तेलाच्या घडणीचे नव्हेत, हे लक्षात असू द्यावे. पीक डोळ्यांना बरे दिसत असतानाही मगज कमी भरलेला असू शकतो.

खतांबाबत एकच सूचना. सोडियम पोटॅशची जागा बळकावू पाहतो, म्हणून माती परीक्षणात पालाश कमी आढळला तर तो द्यावा. पण म्युरेट ऑफ पोटॅशबरोबर क्लोराइडही जमिनीत जाते, तेव्हा परवडत असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश निवडावे. त्यातून पिकाला गंधकही मिळते. जमीन चोपण होत असल्याचे माती परीक्षणात दिसले, तर जिप्समची मात्रा त्या अहवालावरूनच ठरवावी, शेजाऱ्याने किती टाकले यावरून नव्हे, आणि ते पावसाळ्यापूर्वी मातीत मिसळावे, म्हणजे सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाईल. त्यासाठी शेतातून पाणी बाहेर जायला चर असणे आवश्यक आहे. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो. पाण्याचा आणि मातीचा नमुना एप्रिलमध्येच प्रयोगशाळेत दिला, तर अहवाल हाती येऊन जिप्सम टाकायला पुरेसा वेळ राहील.